‘फारच गावठी’ म्हणून परत पाठवलेला गवई : रँडी ट्रॅविस

घाटमाथा (धागाकर्ता)

अमेरिकन कंट्री (म्हणजे गावाकडच्या बाजाच्या) गाण्यांवर इथे अधूनमधून धागे निघतात, पण गाडी जॉन डेन्वरच्या पुढे फारशी सरकत नाही. डेन्वरबद्दल आकस नाही. पण तो कंट्रीवाला की नाही, यावरच कंट्रीची राजधानी नॅशव्हिलमध्ये भांडणं झालीत. १९७५च्या सीएमए (कंट्री म्युझिक असोसिएशन) पुरस्कार सोहळ्यात त्याचं नाव जाहीर करणाऱ्या गायक चार्ली रिचने नावाची चिठ्ठी तिथेच स्टेजवर लायटरने पेटवली होती. निषेध म्हणून की नशेत, हा वाद अजून मिटलेला नाही.

मला लिहायचंय ते रँडी ट्रॅविसवर.

खरं नाव रँडी ब्रूस ट्रेविक. जन्म ४ मे १९५९, नॉर्थ कॅरोलायनातलं मार्शव्हिल. सहा भावंडांतला दुसरा. आई कापड गिरणीत कामाला. बाप टर्की पाळायचा, घोडे राखायचा, बांधकामं घ्यायचा. त्याला जुन्या कंट्री गायक हँक विल्यम्सचं वेड, त्यामुळे पोरांच्या हातात लहानपणीच गिटार आली. रँडी आणि त्याचा भाऊ रिकी ‘ट्रेविक ब्रदर्स’ म्हणून आसपासच्या कार्यक्रमांत गायचे. पण घर धड नव्हतं. बापाला दारूचा नाद, त्यात स्वभाव तापट. पोरगा मिसरूड फुटायच्या आत दारू, मारामाऱ्या, चोरीच्या गाड्या यांत अडकला, शाळा मध्येच सुटली.

१९७५ साली शार्लटमधल्या ‘कंट्री सिटी यूएसए’ नावाच्या नाइटक्लबने गाण्याची स्पर्धा ठेवली. सोळा वर्षांच्या रँडीने ती जिंकली. क्लब चालवणारी बाई लिब हॅचर. तिने त्याला कामावर ठेवलं, थोडा वेळ स्वयंपाकघरात, थोडा वेळ माइकपुढे. पुढे जुन्या भानगडींपायी तुरुंगात जायची पाळी आली, तेव्हा न्यायाधीशांनी त्याला लिबच्या ताब्यात दिलं. हे झालं नसतं तर हा धागा निघालाच नसता.

१९७८मध्ये पॉला रेकॉर्ड्स या छोट्या कंपनीसाठी त्याने खऱ्या नावाने गाणी रेकॉर्ड केली. निर्माता जो स्टॅम्पली. त्यातलं एक गाणं १९७९मध्ये बिलबोर्ड या संगीत साप्ताहिकाच्या कंट्री लोकप्रियता यादीत ९१व्या क्रमांकापर्यंत गेलं आणि बुडालं.

मग दोघं नॅशव्हिलला आले. लिबला ‘नॅशव्हिल पॅलेस’ या क्लबात मॅनेजरची नोकरी मिळाली. ऑप्रीलँड हॉटेलच्या समोरच ही जागा, ग्रँड ओल ऑप्री या कंट्रीच्या मानाच्या रेडिओ-मंचावरचे कलाकारही तिथे येत. रँडी आत कॅटफिश तळायचा, भांडी घासायचा आणि मधूनच एप्रन सोडून स्टेजवर जाऊन गायचा. नाव आता ‘रँडी रे’. दिवसा लिब त्याच्या टेप घेऊन कंपन्यांचे उंबरे झिजवायची. उत्तर ठरलेलं : आवाज चांगला आहे, पण फारच गावठी.

गंमत पाहा, कंट्री संगीताच्या राजधानीत माणसाला कंट्री आहे म्हणून नकार मिळत होता. १९८०मध्ये जॉन ट्रॅवोल्टाच्या ‘अर्बन काउबॉय’ सिनेमाने सगळ्या अमेरिकेला काउबॉय टोप्यांचं खूळ लावलं होतं. नॅशव्हिलला त्यातून पैशांची चटक लागली. गाण्यांत व्हायोलिनांचे ताफे आले, सिंथेसायझर आला, फिडल (गावाकडच्या ढंगात वाजवलेलं व्हायोलिन) आणि स्टील गिटार कोपऱ्यात गेले. शहरातल्या पॉप ऐकणाऱ्याला चालेल असं कंट्री हवं होतं. ते खूळ दोन-तीन वर्षांत ओसरलं, खप पडला. १९८५मध्ये तर न्यूयॉर्क टाइम्सने नॅशव्हिलच्या उतरत्या दिवसांवर लेख छापला.

अपवाद होते. जॉर्ज स्ट्रेट १९८१पासून टेक्सासचा जुना बाज धरून गात होता, रिकी स्कॅग्ज ब्लूग्रास या बँजो-फिडलच्या जुन्या ग्रामीण संगीतातून आला होता. पण कंपन्यांच्या हिशेबात एवढे पुरे होते.

१९८५मध्ये वॉर्नर ब्रदर्स या रेकॉर्ड कंपनीच्या नॅशव्हिल शाखेतल्या मार्था शार्पने त्याला ऐकलं. गायक हेरणं, गाणी निवडणं हे तिचं काम. साठच्या दशकात ती स्वतः गीतकार होती, सँडी पोझीने तिची गाणी गाजवली होती. तिने करार केला आणि ‘रँडी रे’ बदलून ‘रँडी ट्रॅविस’ करायला लावलं. निर्माता म्हणून काइल लेहनिंग आला.

आता माझा मुद्दा. वॉर्नरने आधी ‘ऑन द अदर हँड’ बाजारात सोडलं. पॉल ओव्हरस्ट्रीट आणि डॉन श्लिट्झ यांचं गाणं. लग्न झालेला माणूस मोहात पडता पडता बोटातली अंगठी बघून मागे फिरतो, एवढाच विषय. ते ६७व्या क्रमांकावर अडकलं. मग ‘१९८२’ आलं. त्यात नायक टेलिफोन ऑपरेटरला सांगतो, मला १९८२ सालाशी जोडून दे. (मूळ गाण्यात १९६२ होतं, गायकाचं वय बघून वीस वर्षं पुढे ढकललं.) ते सहाव्या क्रमांकावर गेलं. मग वॉर्नरने १९८६मध्ये ‘ऑन द अदर हँड’ पुन्हा सोडलं. तेच रेकॉर्डिंग, सूर तेच, वाद्यं तीच. जुलैमध्ये ते पहिल्या क्रमांकावर.

म्हणजे वर्षभरात गायकात काडीचा फरक पडला नव्हता. फरक पडला तो रेडिओ स्टेशनांत बसून काय वाजवायचं ते ठरवणाऱ्यांत. आणि हे एकदाच नाही. पॅलेसमध्ये असताना १९८२ साली ‘रँडी रे लाइव्ह’ नावाचा अल्बम निघाला, क्लबात विकायला. त्यात ‘आय टोल्ड यू सो’ हे रँडीने स्वतः लिहिलेलं गाणं होतं. सहा वर्षांनी, १९८८मध्ये, तेच गाणं त्याने पुन्हा गायलं आणि ते पहिल्या क्रमांकावर गेलं. कॅटफिशच्या कढईशेजारी नंबर एकचं गाणं पडून होतं आणि शहरातल्या जाणकारांना ते नको होतं.

पुढचं भराभर सांगतो, कारण यश सगळ्यांचं सारखंच दिसतं. ‘स्टॉर्म्स ऑफ लाइफ’ हा पहिला अल्बम जून १९८६चा, अमेरिकेत ३० लाखांवर खपला. त्याच डिसेंबरात तो ऑप्रीचा सदस्य झाला. १९८७चा ‘ऑलवेज अँड फॉरएव्हर’ ४३ आठवडे कंट्री अल्बमांच्या यादीत वर बसून होता, खप ५० लाखांवर. ग्रॅमी आले. एकूण १६ गाणी पहिल्या क्रमांकावर.

संघर्ष-जिद्द-यश अशा चौकटीत ही गोष्ट नेहमी सांगितली जाते. मला वाटतं, जिद्द त्याची कमी आणि लिबची जास्त होती. आणि दोघांच्या जिद्दीपेक्षा बाजार तोंडावर आपटला, हे महत्त्वाचं ठरलं. तुम्हाला काय वाटतं?

गुळपोळी

मस्त लेख. दोन्ही गाणी लगेच ऐकली. आवाज छातीतून नाही, तळघरातून येतो. पुढील लेखनास शुभेच्छा.

बिनपगारी

लेख आवडला, निष्कर्ष नाही. बाजार आपटला हे खरं, पण त्या वेळी हा माणूस तिथे उभा होता ना? १९७५ ते १९८५, दहा वर्षं. ९१व्या क्रमांकानंतर शंभरातले नव्वद जण शार्लटला परतून गवंडीकाम धरतात. तो कढईपाशी थांबला. त्याला तुम्ही जिद्द म्हणत नसाल तर मग कशाला म्हणायचं?

आणि एक. इतकी वर्षं रोज रात्री पिणाऱ्या-जेवणाऱ्या लोकांपुढे गायल्यावर गळा तयार होतोच. १९७९चं आणि १९८६चं गाणं लागोपाठ ऐका. आधीचा पोरगा हँक विल्यम्स, लेफ्टी फ्रिझेल या जुन्या गायकांची नक्कल करतोय, नंतरचा स्वतःचं गातोय. ‘गायकात काडीचा फरक नाही’ हे १९८५-८६ पुरतं ठीक, त्याआधीच्या दशकाला लागू नाही.

घाटमाथा

लेफ्टी फ्रिझेलचा मुद्दा मान्य. शब्द ओढून, वळवून, एका अक्षरात दोन-तीन सूर फिरवायची लकब तिथूनच आली, मर्ल हॅगार्ड आणि जॉर्ज जोन्सकडूनही. पण १९८२चं लाइव्ह रेकॉर्डिंग ऐका, गळा तेव्हाच तयार झालेला आहे. त्यापुढची तीन वर्षं कुणाच्या खात्यात टाकायची?

तीनताल

कंट्रीतलं मला ओ की ठो कळत नाही, पण मागे जे वाद्य रडतंय ते पेडल स्टील गिटार ना? त्यावर लिहायचा मोह आवरत नाही, लेखाला फाटा फुटला तर क्षमस्व.

ही गिटार आडवी ठेवतात, डाव्या हातात धातूचा दांडा, तो तारांवरून सरकवायचा. उजव्या हाताने छेडायचं. खाली पायाला पेडल, गुडघ्याला दांड्या, त्यांनी काही तारांचे सूर वाजता वाजता चढवता-उतरवता येतात. म्हणून एक सूर जागेवर राहतो आणि दुसरा त्याच्याकडे मींड घेत येतो. माणसाच्या आवाजाच्या इतकं जवळ जाणारं पाश्चात्त्य वाद्य मला तरी दुसरं माहीत नाही.

याचं मूळ हवाई बेटांत. तिथली मांडीवर ठेवून वाजवायची गिटार विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत गाजली, कंट्रीत शिरली आणि पुढे तिला पेडल जोडले गेले. तीच हवाईयन गिटार आपल्याकडेही आली. टाऊ मो हा हवाईयन वादक चाळीसच्या दशकात काही वर्षं कलकत्त्यात राहिला होता. व्हॅन शिप्ली, हजारा सिंग यांनी हिंदी सिनेगीतं गिटारवर वाजवलेल्या रेकॉर्ड जुन्या लोकांना आठवत असतील. ब्रिजभूषण काबरांनी तर तिच्यावर राग वाजवले. नॅशव्हिलची आणि मुंबईची गिटार चुलत बहिणी लागतात.

गुळपोळी

@तीनताल, अवांतराला दंडवत! याचा वेगळा धागा काढाच.

सातासमुद्रापार

शार्लटमध्ये राहते. इथे बँकांच्या आयटीमुळे मराठी घरं बरीच आहेत, पण ऑफिसात कंट्रीचा विषय निघाला की आपली मंडळी चहा आणायला उठतात. मार्शव्हिल शहराच्या पूर्वेला, यूएस ७४ वर, समुद्राकडे जाताना लागतं. थांबावं असं काही नाही : शेतं, कोंबड्या-टर्कीच्या लांबलचक शेड, चर्च, पुन्हा शेतं. तो प्रदेश पाहिला की ‘फारच गावठी’ हा शेरा जास्त लागतो. नॅशव्हिलच्या साहेबांनी एका माणसाला नाकारलं असेल, पण त्याच्या बोलण्यातला जो हेल त्यांना खटकत होता तो इथल्या सगळ्या पेट्रोल पंपांवर ऐकू येतो. त्यांचे गिऱ्हाईक तेच होते!

आता लिबबद्दल. सगळे तिला ‘पाठीशी उभी राहिलेली बाई’ म्हणून सोडून देतात. पोरगा अल्पवयीन, ती वयाने बरीच मोठी, तेव्हा विवाहित, मालकीण, कोर्टाने नेमलेली पालक. मग मॅनेजर. मग १९९१मध्ये लग्न. २०१०मध्ये घटस्फोट, त्यानंतर कोर्टकचेरी. एकाच व्यक्तीकडे तुमची नोकरी, जामीन, करिअर आणि घर असेल तर त्याला मी नुसता आधार म्हणणार नाही.

बिनपगारी

+१. हे लेखात यायला हवं होतं.

घाटमाथा

@सातासमुद्रापार, ते मुद्दामच थोडक्यात ठेवलं, कारण आतलं काय ते त्या दोघांनाच ठाऊक. पण तुमची यादी बरोबर आहे. मी एवढंच म्हणेन की दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. तिच्याशिवाय तो तुरुंगात गेला असता, आणि तिच्यामुळे त्याला पस्तीस वर्षं स्वतःचा निर्णय स्वतः घ्यावा लागला नाही. पुरुष मॅनेजर असता आणि गायिका सोळा वर्षांची असती तर आपण हा प्रश्न पहिल्या प्रतिसादातच विचारला असता, हेही खरं.

अर्धा_कप

अरे लेको, अॅलन जॅक्सन कुठे राहिला? तो तर ह्याच वाटेनं आला की. जॉर्जियातलं न्यूनन गाव, १९८५ला नॅशव्हिल, द नॅशव्हिल नेटवर्क या टीव्ही कंपनीत टपालखान्यात नोकरी. बायको विमानात हवाई सुंदरी होती. अटलांटा विमानतळावर तिला नामवंत गायक ग्लेन कॅम्पबेल दिसला, तिनं सरळ जाऊन नवऱ्याचं सांगितलं. त्यानं आपल्या कंपनीचं कार्ड दिलं. तिथनं सुरुवात. तरी कंपन्यांनी नकार द्यायचा तो दिलाच. १९८९ला अॅरिस्टा या रेकॉर्ड कंपनीनं नॅशव्हिलची शाखा उघडली तेव्हा पहिला करार याच्याशी. आणि पहिलं गाणं? ४५वर आपटलं. दुसरं तिसऱ्या क्रमांकाला गेलं.

आता जोड बघा. अॅलनचा निर्माता कीथ स्टीगल. ‘रँडी रे लाइव्ह’ कुणी केला? कीथ स्टीगलनंच! वॉर्नरच्या पहिल्या रेकॉर्डिंगमध्येबी तोच. पुढं अॅलन आणि रँडीनं मिळून लिहिलेलं एक गाणं अॅलननं गायलं, तेबी पहिल्या क्रमांकाला, १९९२च्या आसपास.

तेव्हा घाटमाथासाहेब, नुसता बाजार न्हाई. चार-पाच माणसं होती ज्यांना जुना बाज आवडायचा, आणि ती एकमेकांना धरून होती. बाजार पडल्यावर त्यांना दार उघडं मिळालं एवढंच.

घाटमाथा

@अर्धा_कप, हा प्रतिसाद माझ्या लेखापेक्षा बरा आहे. स्टीगल, लेहनिंग, शार्प, ओव्हरस्ट्रीट-श्लिट्झ... ही टोळी आधीपासून तिथे होती हे बरोबर. ‘फॉरएव्हर अँड एव्हर, आमेन’ पण त्याच दोघा गीतकारांचं. १९८६नंतर कंपन्यांनी टोपीवाल्या, साध्या आवाजाच्या पोरांची रांगच लावली. १९८९ साली अॅलन, क्लिंट ब्लॅक, गार्थ ब्रुक्स एकापाठोपाठ आले. तीन वर्षांपूर्वी जे गावठी होतं ते आता धोरण झालं.

निर्गुण

शेवटचा भाग राहिला. जुलै २०१३मध्ये विषाणूमुळे हृदय कमजोर होऊन तो टेक्सासमध्ये इस्पितळात दाखल झाला आणि तिथे पक्षाघात झाला. बोलणंच गेलं, गाणं दूर. त्याआधी २०१२मध्ये दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल अटक वगैरे झालीच होती. म्हणजे जी घसरण सोळाव्या वर्षी थांबली ती पन्नाशीनंतर परत. २०१६मध्ये कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेममध्ये घेतलं तेव्हा तो काठी टेकत उभा राहिला आणि ‘अमेझिंग ग्रेस’ गायला. शब्द पुरते फुटत नव्हते. तंत्राच्या हिशेबाने ते वाईट गाणं. मी ते तीनदा पाहिलं.

मे २०२४मध्ये ‘त्याचं’ नवं गाणं आलं. जेम्स डुप्रे नावाच्या गायकाने ते गायलं आणि जुन्या रेकॉर्डिंगवर शिकवलेल्या एआयने त्यावर रँडीचा आवाज चढवला. काइल लेहनिंगच निर्माता. रँडीची संमती होती, तो स्वतः स्टुडिओत बसून होता. तरी मला पटलेलं नाही. ज्याचा सूर न सूर खरा म्हणून नावाजला, त्याचा आवाज यंत्रातून काढायचा?

तीनताल

मला उलट वाटतं. गळा त्याचा, परवानगी त्याची, निर्माता चाळीस वर्षांचा जोडीदार. तो मेल्यावर वारसांनी केलं असतं तर मीही चिडलो असतो. श्वास कुठे घ्यायचा, शब्द कुठे ओढायचा हे डुप्रेचं आहे आणि ऐकताना ते कळतं. रँडी शब्दाच्या शेवटी सूर खाली सोडून द्यायचा, इथे तो अलगद ठेवलाय. रंग त्याचा, हात दुसऱ्याचा.

बिनपगारी

पैशाचं कुणीच बोललं नाही. अमेरिकेत एएम-एफएम रेडिओवर गाणं वाजलं तर पैसे गीतकार-संगीतकार आणि प्रकाशकाला मिळतात, गाणाऱ्याला दमडी नाही. रँडीची बहुतेक गाजलेली गाणी दुसऱ्यांनी लिहिलेली. म्हणजे ज्या रेडिओमुळे ६७चा १ झाला, त्याच रेडिओकडून गायक म्हणून त्याला काही नाही. हाच कायदा बदला म्हणून जून २०२४मध्ये तो संसदीय समितीपुढे गेला होता. बोलता येत नाही म्हणून बायको मेरी बोलली, तो शेजारी बसला. चाळीस वर्षं गाणाऱ्यांनी गाऊन हिंडून फिरून पोट भरायचं, आणि गळा गेला की संपलं.

सातासमुद्रापार

आणि आपल्याकडे? कॉपीराइट कायद्यातल्या २०१२च्या दुरुस्तीनंतर गायकांना रॉयल्टीचा हक्क मिळाला ना?

बिनपगारी

हो, कायद्यात आला. इसम्रा (आधीचं नाव इस्रा) ही गायक-वादकांची संस्था ते पैसे गोळा करते. म्हणजे या एका बाबतीत आपण पुढे. वसुली किती होते ते लोककलावंतांना विचारा, गावच्या जत्रेत गाणाऱ्या माणसापर्यंत संस्थेचा फॉर्मही पोचलेला नसतो.

गुळपोळी

एवढं वाचून झाल्यावर बाळबोध प्रश्न : नवख्याने सुरुवात कुठून करावी?

घाटमाथा

‘स्टॉर्म्स ऑफ लाइफ’ सलग, दहाच गाणी आहेत. हेडफोन लावूनच, कारण खर्ज फोनच्या स्पीकरवर उरत नाही. मग १९८७चा अल्बम. २००२-०३चं ‘थ्री वुडन क्रॉसेस’ नंतरसाठी ठेवा. भक्तिगीतांकडे वळल्यावरचं ते आहे, ऐन उतारात असताना पुन्हा पहिल्या क्रमांकावर गेलेलं.

अर्धा_कप

आणि मग अॅलन जॅक्सन! माझा धागा परवा येतोय, तिथं भांडायला या.